खपली

साक्षीदार म्हातारा होता, त्याच्या शेळ्या चोरीला गेलेल्या. तो म्हणाला, 'मी हाका मारल्या, पण एकही वळली नाही,' आणि झोद्वा ते वाक्य इंग्रजीत करून न्यायाधीशांपुढे ठेवणार, एवढ्यात तिच्या ओटीपोटात काहीतरी सैल सुटल्यासारखं झालं. कळ नव्हती. नुसती ऊब. मांडीच्या मुळाशी हळूहळू पसरत गेलेली, लहानपणी थंडीत अंथरूण ओलं झाल्यावर पहिला क्षणभर बरी वाटायची तशी ऊब. तिने वाक्य पुरं केलं. मी हाका मारल्या, पण एकही वळली नाही. बुलावायोच्या कोर्टात अर्धं आयुष्य ती असंच दुसऱ्यांचं 'मी' बोलत आली होती. मी चोरी केली नाही, मी तिला ढकललं, मी तेव्हा झोपेत होतो. पुरुषांचं, पोरांचं, दारुड्यांचं मी. स्वतःसाठी मात्र दुभाष्याने तो शब्द वापरायचा नाही असा शिरस्ता. म्हणून ती उठून म्हणाली, "दुभाष्याला थोडा वेळ हवा आहे, साहेब." न्यायाधीशांनी मान हलवली. निघताना तिने खुर्चीकडे वळून पाहिलं आणि काळ्या झग्याचा घोळ मागून मुठीत धरून ती बाहेर पडली. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. आपण काही चुकीचं बोललो की काय, असं त्याला वाटलं असावं.

शहराच्या त्या भागाला आज पाणी नव्हतं. संडासात कोपऱ्यात बादली आणि एक कापलेला तेलाचा डबा. भांड्यात जे पडलं होतं ते लाल होतं, ताजं, आणि त्यात काळपट गोळे, कसायाच्या फळीवर राहतात तसे. झोद्वा ते बघत उभी राहिली. भीती लगेच आली नाही. आधी आली शरम, आणि शरमेच्या मागोमाग घाई: हे कुणी बघायच्या आत वाहून जायला हवं. तिने डब्याने पाणी टाकलं. रंग फिका झाला, गेला नाही. आणखी टाकलं. बादली संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्या कपाळावर घाम आहे, बाहेर जूनची थंडी असताना. डॉक्टर ग्वेबु काय म्हणाल्या होत्या ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. दुसऱ्याचे शब्द धरून ठेवायचे हाच तर तिचा धंदा. डॉक्टर वयाने तिच्या लेकीएवढी. दुर्बिणीची नळी आत घालून तिने मोठ्या आतड्यातला एक कोंब देठापासून कापून काढला होता आणि मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली होती, "मावशी, कापलं तिथे आता खपली धरेल. ती सुटून पडेपर्यंत जपायचं. जड उचलायचं नाही. लांबच्या प्रवासाला जायचं नाही. गुडघ्याच्या गोळ्या बंद, त्या रक्त थांबू देत नाहीत. आणि रक्त गेलंच, तर बघू उद्या असं म्हणायचं नाही, तडक इथे यायचं. घरी कोण असतं?" "नवरा." "त्यांना सांगून ठेवा हे सगळं." "सांगते," झोद्वा म्हणाली होती.

सांगितलं नव्हतं. क्लिनिकला ती चर्चमधल्या युनिसला घेऊन गेली होती, घरी मात्र धागे आणि अस्तर आणायला जाते म्हणून. फिलेमनपासून लपवावं असं त्यात काय होतं? तो ओरडणारा माणूस नव्हता. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, सडपातळ, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावणारा. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिला तो तिच्या माहेरच्या कुळाच्या नावाने, मान्दिवेनी म्हणून हाक मारायचा, आणि ती त्याला लेकीच्या नावाने, मागुगूचे बाबा. एकमेकांची अब्रू राखायची हा त्यांच्या संसाराचा कणा होता, निदान ती तसं समजत आली होती. एकदा, मुख्याध्यापकाची जागा त्याच्याहून लहान माणसाला दिली गेली त्या संध्याकाळी, मागच्या कोंबड्यांच्या खोपटात तो रडत असल्याचं तिला ऐकू आलं होतं. हातात दाण्यांचं सूप घेऊन ती दारापर्यंत गेली होती. आत गेली नाही. पाऊल न वाजवता परत फिरली, स्वयंपाकघरात जाऊन कपबश्या मुद्दाम खणखण वाजवल्या, त्याला डोळे पुसायला अवधी मिळावा म्हणून. तो आला, चहा प्याला, म्हणाला, "साखर बेताची आहे, छान." कित्येक वर्षं तिला त्या कपबश्यांचा अभिमान वाटत होता. आज, कोर्टाच्या संडासातल्या थंड भिंतीला पाठ टेकून उभी असताना, तो दिवस मध्येच का आठवावा हे तिला कळेना, आणि आठवला तो अभिमानाने नाही.

तिने तडक क्लिनिकला जायला हवं होतं. रुमालाची घडी करून आत घातली, साहेबांच्या कारकुनाला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि रस्त्यावर येऊन टॅक्सीत बसली ती घराच्या. दाटीवाटीत चार जणांबरोबर. शेजारच्या बाईच्या मांडीवर जिवंत कोंबडी होती आणि ती बाई सांगत होती, "जावई येतोय जोहान्सबर्गहून. खाईल नीट तर बरं. मागच्या वेळी म्हणाला, आई, मी हल्ली मांस सोडलंय. अरे, मग आलास कशाला?" सगळे हसले. झोद्वाही हसली, दोन्ही मांड्या घट्ट आवळून. खिडकीबाहेर रुंद रस्ते, पानं गळून उघडी पडलेली जॅकरँडाची झाडं. थांबलंय, ती स्वतःला सांगत होती, थांबलं असेल. आईचंही थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. आई गावी, त्शोलोत्शोच्या वाळूतल्या घरी असायची. गोठ्यामागे, कुणी जाणार नाही अशा काटेरी कुंपणावर ती काही फडकी वेगळी वाळत घालायची. झोद्वाने एकदा विचारलं तर म्हणाली होती, "तुला काय करायचंय? विहिरीवर जा." पुढे आई वाळत वाळत गेली. लोक म्हणाले, पोट. प्रेत धुणाऱ्या बायकांतल्या मावशीने नंतर एवढंच सांगितलं की तुझ्या आईला बरेच दिवस होतं. काय होतं, ते मावशीही बोलली नाही. झोद्वा म्हणजे 'सगळ्या मुलीच'. पाचवी मुलगी झाली तेव्हा आईने दिलेलं नाव. पाच मुलींच्या घरात, वाटलं असतं, बायका एकमेकींत तरी बोलतील.

फिलेमन वाफ्यात वाकून भाजीची पानं खुडत होता. फाटक वाजलं तसा तो सरळ झाला. "लवकर आलीस?"

"साक्षीदार आजारी पडला. उठलं कोर्ट."

"चहा टाकू?"

"नको. पडते जरा."

तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, मग पुन्हा वाकला. घरात शिरताना तिला वाटलं, त्याने आणखी एक प्रश्न विचारला असता तर. पण तो विचारणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिनेच त्याला तसं घडवलं होतं आणि त्याने तिला. न्हाणीत दोन निळी पिंपं काठोकाठ भरलेली. पाण्याच्या दिवशी, गुडघा ठणकत असताना, तिने वीस लिटरच्या बादल्या ओढल्या होत्या. न उचलावं तर कारण सांगावं लागलं असतं. रात्री गुडघा झोपू देईना तेव्हा गोळीही घेतली होती, आणि दुसऱ्या रात्रीही. एवढ्याने काय होतंय. आता ती बसली आणि पुन्हा तो सैलपणा आला, पण आता तो थांबेना. आवाज ऐकू येत होता. आपल्यातून काहीतरी बाहेर जातंय आणि आपण नुसत्या त्याच्या वाटेत बसलोय, असा तो आवाज. कानात माशा घोंगावू लागल्या. फरशीचे चौकोन तिरके झाले. उभं राहून पिंपाला धरायला गेली ते आठवतं; पुढचं आठवतं ते गालाला लागलेली गार फरशी आणि दारावर टकटक.

"मान्दिवेनी?"

"येऊ नका."

"पडलीस का?"

"येऊ नका म्हणते ना!" ओरडायचं होतं, आवाज निघाला तो पोरीसारखा.

दार उघडलं. तिने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांआड ती त्याच्या तोंडून निघणाऱ्या शब्दाची वाट बघत होती. कसला तरी, ओकारीचा किंवा भीतीचा. पिंपात तांब्या बुडल्याचा आवाज आला. मग तिच्या मांड्यांवर पाणी, आधी गार आणि मग त्याचा तळवा. इतक्या वर्षांत त्याने तिला उजेडात असं पाहिलं नव्हतं. तो घाई करत नव्हता, तोंड फिरवत नव्हता; एखादा नकाशा पुसावा तसा सावकाश पुसत होता. स्वतःच्या सदऱ्याची घडी करून त्याने तिच्याखाली दिली.

"तुमची पँट," ती म्हणाली. तो रक्तात गुडघे टेकून बसला होता.

"मसणात गेली पँट," फिलेमन म्हणाला. असला शब्द त्याच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता. तिला हसू आलं आणि हसता हसता रडू.

शेजारच्या न्कालाने हात लावला आणि तिला गाडीत मागे आडवं केलं. जुन्या माझ्दाचं छप्पर आतून फाटलेलं, त्याची लोंबती चिंधी तिला दिसत होती. पाय उंच ठेवायला फिलेमनने भाजीची टोपली उपडी घातली होती. चौकात दिवे बंद होते, वीज गेलेली; गाड्या एकमेकींना अंदाजाने वाट देत होत्या. फिलेमन थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "डॉक्टर ग्वेबुंकडेच ना?"

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालात?"

"डॉक्टर ग्वेबु. पोटाआतड्याच्या. तिकडेच न्यायचं ना?"

"तुम्हाला युनिसने..."

"युनिसने काही नाही सांगितलं." पुढची गाडी हलली, तो हलला नाही, मागून भोंगे वाजायला लागले. "त्या दिवशी मी बियाणं आणायला गेलो होतो. तू पलीकडच्या दारातून बाहेर आलीस. भिंतीला धरून. युनिसने तुला टॅक्सीत बसवलं. मी समोरच होतो, गाडीत."

"आणि हाक नाही मारलीत?"

"तुला आवडलं नसतं."

खरं होतं. ते खरं होतं म्हणून तिला त्याचा भयंकर राग आला. शरीर असं रिकामं होत असताना एवढा राग कुठून येतो. "आणि मला पाण्याच्या बादल्या ओढू दिल्यात?"

"ओढू दिल्या?" आता तो मागे वळला. "पहाटे उठून मी भरायला लागलो, तर तूच येऊन हातातून बादली घेतलीस. तुम्ही सांडता, म्हणालीस. काय करणार होतो मी? दारावरची पाटी वाचली होती मी, मान्दिवेनी. मला वाटलं तुला तो रोग झालाय, तू मरायला निघाली आहेस आणि मला सांगायचंच नाही असं ठरवून बसलीस. रोज सकाळी वाटायचं, आज सांगेल. लापशी खाताना सांगेल. तू म्हणायचीस मीठ द्या. मी मीठ द्यायचो."

मागचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ म्हातारबा, झोपलात का?" फिलेमनने गाडी पुढे घातली. झोद्वा चिंधीकडे बघत होती. तिला बोलायचं होतं. मरणाचं काही नाही हो, साधा कोंब होता. ते एवढंसं वाक्य त्या दिवशी घरी येऊन त्याला सांगितलं असतं, तर त्याच्या सगळ्या सकाळी वाचल्या असत्या. त्या सकाळी आता कुणी परत आणून देणार नव्हतं. ती काही बोलू शकली नाही.

पुढचं सगळं तुकड्यांत. दोन्ही हातांत सुया. दंडावर पट्टा आवळला गेला आणि सुटला, कुणीतरी म्हणालं, नाडी फार धावतेय. रक्ताची पिशवी टांगली गेली. दुसऱ्या कुणाचं, गडद. कुणाचं असेल, त्याला नाव असेल. डॉक्टर ग्वेबुंचा चेहरा वरून आला. "मावशी, माझ्याकडे बघा. कधीपासून?" "सकाळपासून." "आणि आत्ता येताय?" मग हळू, "गोळ्या घेतल्या का गुडघ्याच्या?"

फिलेमन उशाशी उभा होता. हजार माणसांची कबुली तिने या भाषेतून त्या भाषेत नेली होती, एकही शब्द न अडता.

"घेतल्या," ती म्हणाली. "मी घेतल्या. बादल्याही उचलल्या. मी यांना सांगितलं नव्हतं."

"बरं," डॉक्टर म्हणाली, तिच्या आवाजात राग नव्हता. "आता ऐका, दोघंही. खपली सुटली की थोड्या लोकांना असं होतं, सगळं जपूनही होतं. गोळ्यांनी भर घातली असेल, पण सगळं त्यांच्या माथी मारू नका. बऱ्याचदा आपोआप थांबतं. तुमचं थांबत नाहीये. थोडं रक्त चढलं, नाडी जरा स्थिरावली की आतडं धुवून घेऊ आणि पुन्हा नळी घालू. जागा मला ठाऊक आहे. चिमटा लावून बंद करता येईल."

"नाही झाली बंद तर?" फिलेमनने विचारलं.

"तर दुसरे उपाय आहेत. शेवटी ऑपरेशनही आहे. तिथवर जाऊ नये असं बघते."

धुवायचं औषध खारट होतं. फिलेमन पेला धरत होता आणि मग भांडंही धरत होता, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी नर्स म्हणायची, "आजोबा, मी करते," आणि तो म्हणायचा, "असू दे." गुंगीचं औषध अर्धंच लागलं असावं, कारण पडदा तिला दिसत होता. गुलाबी, ओली, वळत जाणारी वाट. तिला वाटलं होतं आत काहीतरी घाण, अंधारी असेल; आईने लपवलं ते, तिने लपवलं ते. तसं नव्हतं. नव्या बाळाच्या तोंडासारखं होतं. मग एका वळणावर छोटा पांढरट खड्डा, आणि खड्ड्याच्या तळातून लाल ठिपका उसळत होता, नाडीबरोबर, आपल्याच तालात, जणू त्याला कुठे जायची घाई नाही. "हा बघा चोर," डॉक्टर पुटपुटली. सुईने काहीतरी टोचलं, कड फुगली, पांढरी पडली. चकाकता चिमटा पुढे आला, जबडा उघडला, मिटला. ठिपका थांबला. दुसरा चिमटा. पाणी मारून बघितलं. पाणी स्वच्छ राहिलं. कुणीतरी श्वास सोडला. झोद्वाला तेवढंच हवं होतं, त्या स्वच्छ पाण्याकडे बघत राहावं.

घरी आल्यावर फिलेमनने तिला चूल बघू दिली नाही. मक्याच्या पिठाचा इसित्श्वाला त्याच्या हातून गुठळ्यांचा झाला. दोघांनी तो आंबट दुधात कालवून खाल्ला. बोलणं काही एकदम सुरू झालं नाही. दोघंही जपून एकेक वाक्य टाकत, बर्फावर पाय टाकावा तसं, आणि बर्फ तर त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. एकदा तिने विचारलं, "त्या गाडीत किती वेळ बसला होतात?" तो म्हणाला, "तुझी टॅक्सी गेली तरी बसलो होतो. बियाणं घ्यायचं राहूनच गेलं." तिला वाटलं, आत्ता खोपटाचं बोलावं, कपबश्यांचं बोलावं. पण त्याचा चेहरा इतका थकलेला होता की तिने पुन्हा एकदा राहू दिलं. तिला कळत होतं की राहू देतोय.

तपासणीचा निकाल चांगला आला. कोंबात रोग नव्हता. ठेवला असता तर पुढेमागे झाला असता. डॉक्टर ग्वेबुंनी फोनवर आणखी एक सांगितलं: "आईला काय झालं होतं म्हणालात? मग तुमच्या मुलीलाही तपासून घ्यायला हवं. वेळेवर. तिला आजच सांगा."

मुलगी नोमागुगु, घरची मागुगु, जोहान्सबर्गला बँकेत होती. रविवारी दुपारी झोद्वा अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसली आणि तिने फोन लावला. सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता. संडास, रक्त, बाबांनी धुतलं ते, तुझी आजी कशी गेली असावी ते. बोलताना तिला स्वतःचा आवाज परका वाटत होता, आणि तिकडे मागुगु इतकी गप्प होती की मध्येच तिने विचारलं, "आहेस ना गं?"

"आहे." मग, "आई, एवढं झालं आणि मला आत्ता सांगतेस?"

"चुकलं माझं."

"नाही, तसं नाही." पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. "मी तरी कुठे सांगितलं. दोन वर्षांमागे मी ख्रिसमसला आले नाही, आठवतं? सुट्टी मिळत नाही म्हणाले होते. मी दवाखान्यात होते, आई. सातवा महिना होता. वाचलं नाही बाळ."

भाजीच्या वाफ्यात पाणी मुरत होतं, त्याचा बारीक बुडबुडा फुटत होता. झोद्वाला तो ख्रिसमस आठवला. फोनवर मागुगु म्हणाली होती, जरा सर्दी आहे, म्हणून आवाज असा. आणि तिने म्हटलं होतं, आलं घालून चहा पी. आपण आजी झालो होतो आणि नव्हतोही, आणि त्या दिवशी आपण केकचे तुकडे किती मोठे कापायचे याचा विचार करत होतो. तिकडे पोटच्या पोरीला दूध फुटलं असेल. कुणी बांधून दिलं असेल छातीला फडकं? की पुस्तकात वाचून तिने एकटीनेच बांधलं?

"मुलगी होती की मुलगा?"

"मुलगी."

"नाव ठेवलं होतंस?"

मागुगु रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, उशीत तोंड खुपसून, ऐकू जाऊ नये म्हणून. झोद्वाने मध्ये काही म्हटलं नाही, गप्प बस नाही, होईल सगळं ठीक नाही. ती थांबली.

"लंगा," मागुगु म्हणाली.

फिलेमन चहाचे दोन कप घेऊन दाराशी आला होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो तिथेच थबकला आणि परत वळायला लागला. झोद्वाने हात पुढे करून त्याच्या बाहीची कड धरली.

"बसा इथे," ती म्हणाली. "आपली नात होती, मागुगूचे बाबा. लंगा नाव होतं तिचं."